पेरूत जाऊन अननस पाहिला

"पेरूला चाललेय," असं बँकेत सांगितल्यावर आमच्या कॅशियरनी विचारलं, "कुठला मॅडम, अलाहाबादी का सरदार?" पुढचे पंधरा दिवस हाच विनोद सगळ्या काउंटरवरून फिरला. त्या नादात मी तिकडे कशाला जातेय, हे कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगायची जरा पंचाईतच होती. एक झाड बघायला, तेही सायकलवर, आणि वयाच्या एकावन्नाव्या वर्षी!

खरं तर झाड म्हणणंही बरोबर नाही. पूया रायमोंडी ही अननसाच्या कुळातली वनस्पती. अँडीज पर्वतात साधारण ३,२०० ते ४,८०० मीटर उंचीवर उगवते, आणि तीही फक्त पेरू आणि बोलिव्हियात. कित्येक दशकं नुसता काटेरी पानांचा गोळा होऊन बसून राहते. मग एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. फुलते तेव्हा तिची उंची दहा मीटरच्या वर जाते. म्हणजे आमच्या राजारामपुरीतल्या घराच्या गच्चीवरच्या टाकीला तुरा टेकेल.

हे खूळ माझ्या भाच्याचं. निनाद सव्वीस वर्षांचा, पुण्यात नोकरीला. कोविडनंतर आम्ही दोघं मिळून बऱ्याच सायकलस्वाऱ्या केल्या. एकदा अंबा घाट चढून धापा टाकत बसलो होतो, तेव्हा त्यानं फोनवर फोटो दाखवला होता. "मावशी, हा अननस बघ. तीन मजली." तिथपासून दोन वर्षं पैसे साठवले, रजा साठवली आणि सप्टेंबरअखेर निघालो. विमान, व्हिसा, खोक्यात घातलेल्या सायकली यांचं रामायण इथे सांगत नाही. लिमाहून रात्रीच्या बसनं आठ तासांत वारासला पोचलो. (नकाशात हे गाव एच अक्षरापासून सुरू होतं. तो एच कुणी उच्चारत नाही.)

दिवस पहिला आणि दुसरा : वारास

वारास ३,०५० मीटरवर आहे. कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. समुद्रसपाटीवरून रात्रीत इथे आलं की शरीर कुरकुर करतं. पहिल्या दिवशी लॉजचा एक जिना चढून मला मध्येच बसावं लागलं. निनाद हसला. तेव्हाच त्याची दृष्ट लागली असावी त्याला स्वतःला, पण ते पुढे येईल.

गावात जुनं घर म्हणून फारसं दिसत नाही. ३१ मे १९७० च्या भूकंपात वारास जवळजवळ सगळंच कोसळलं. उत्तरेला वास्करान शिखराचा कडा सुटून युंगाय हे गावच्या गाव गाडलं गेलं. त्या एका दिवसात या सगळ्या भागात मिळून सत्तर हजारांच्या आसपास माणसं गेली. आमची लॉजवाली आजी तेव्हा शाळकरी मुलगी होती. ती त्याबद्दल फक्त एवढंच बोलली की धुळीमुळे बराच वेळ कुणालाच काही दिसत नव्हतं. मग तिनं विषय बदलला आणि आम्हाला मुन्याचा चहा दिला. मुन्या ही डोंगरातली पुदिन्यासारख्या वासाची पाती आहे.

मी कोल्हापूरची असून शाकाहारी, हे मला गावातसुद्धा पटवून द्यावं लागतं. पेरूत तर विचारू नका. पण वारासच्या बाजारात बायका पाट्या घेऊन बसतात आणि त्यांच्याकडे ‘सेविचे दे चोचो’ मिळतं. चोचो म्हणजे एक पांढरं, वालाएवढं कडधान्य. मुळात कडूजहर. कित्येक दिवस पाण्यात ठेवून, पाणी बदलत बदलत त्याचा कडूपणा काढतात. मग त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, झणझणीत मिरची आणि भरपूर लिंबू. वर भाजून फुगवलेले मक्याचे दाणे. मी पहिला घास खाल्ला आणि म्हटलं, ही तर ओली भेळ. दोन दिवसांत चार वेळा खाल्लं. पाटीवाली मला ओळखायला लागली आणि मिरची जरा जास्तच टाकायला लागली. भारत म्हटलं की तिखट, एवढं तिला ठाऊक होतं.

एक अडचण मात्र आली. निनादच्या सायकलचा डिरेलरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर टांगलेला असतो ती पट्टी, प्रवासात वाकला होता. मागचा गिअर चेनला खेचून चाकात घालत होता. सुटा हँगर आम्ही बरोबर घेतला नव्हता, ही चूक आमची. लॉजच्या गल्लीतल्या एका दुकानदारानं सायकल उलटी केली, एक डोळा मिटून पाहिलं, लांब पाना लावला आणि हळूच दाबला. पुन्हा पाहिलं, पुन्हा दाबला. दहा मिनिटं त्याचं हेच चाललं होतं, सोनार नथीचा फासा सरळ करतो तसं. पुढच्या चार दिवसांत गिअर एकदाही चुकला नाही.

जाणाऱ्यांसाठी : दोन रात्री वारासमध्ये काढाच, तिसरी काढता आली तर उत्तम. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती डायमॉक्सची गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, तिथल्या सहप्रवाशांना नको. कोकाच्या पानांचा चहा तिथे कायदेशीर आहे आणि सगळीकडे मिळतो. मात्र परत येताना त्याचं एकही पान बॅगेत राहू देऊ नका. आणि सुटा हँगर न्या.

दिवस तिसरा : वारास ते काताक

हा दिवस सोपा. सांता नदीच्या काठानं दक्षिणेला पस्तीसेक किलोमीटर, पाचशे मीटरची चढण, सगळा डांबरी रस्ता. डावीकडे कोर्दियेरा ब्लांका, म्हणजे पांढरी रांग, तिच्यावर बर्फ. उजवीकडे कोर्दियेरा नेग्रा, काळी रांग, तिच्यावर बर्फाचा कणही नाही. मधल्या खोऱ्यात निलगिरीची झाडं, मक्याची शेतं आणि कुत्री.

कुत्र्यांबद्दल वेगळं लिहायला हवं. पेरूतल्या कुत्र्यांना सायकलवाल्याचा काय राग आहे कोण जाणे. रेक्वाय गावाच्या आधी तीन कुत्री एकदम आमच्या पिंडऱ्यांवर आली. निनाद जोरात पळवायला लागला. मी थांबले, उतरले आणि वाकून दगड उचलल्यासारखं केलं. दगड नव्हताच. तिन्ही कुत्री जागच्या जागी फिरली. ही युक्ती आमच्या शाहूवाडीकडच्या कुत्र्यांवर चालते तशीच तिकडेही चालते. कुत्र्यांचं स्पॅनिश आणि मराठी एकच असावं.

काताकला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि वारा सुटला होता. गाव साधंच, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खानावळी. एका खानावळीत ‘युंका’ मिळालं. गहू भरडून केलेलं दाट सूप. हे कोंबडी घालून करतात. मी कोंबडी नको म्हटल्यावर मालकिणीनं निनादकडे असं पाहिलं, जणू त्यानं मला जेवायला पैसे दिले नव्हते. मग तिनं माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात बटाटा आणि चीज घालून आणलं. थेट आपल्या खिरीच्या गव्हाची चव, फक्त तिखटमिठाची. तीन वाट्या झाल्या.

रात्री पाच पांघरुणं होती. पाचही घेतली.

दिवस चौथा : काताक ते कार्पा, आणि पुढे

काताकहून आठ-नऊ किलोमीटर गेलं की पाचाकोतो हा फाटा येतो. तिथे डांबर सोडून डावीकडे वळायचं. आत शिरलं की वास्करान राष्ट्रीय उद्यान. १९७५ मध्ये स्थापन झालेलं आणि १९८५ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं. कच्चा रस्ता. गाड्यांच्या चाकांनी त्याच्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या नाळी पाडल्यात. सायकल चालवताना दात वाजतात आणि हँडलबारवरची पिशवी दर किलोमीटरला ढिली होते. चार हजार मीटरच्या वर गेल्यावर माझा वेग ताशी पाच किलोमीटर होता. त्यातही बराच वेळ मी सायकल चालवत नव्हते, ढकलत होते.

कार्पाला उद्यानाची चौकी आहे. कार्पा म्हणजे स्पॅनिशमध्ये तंबू, आणि आम्हाला तिथेच तंबू लावायचा होता, हा योगायोग निनादला फार आवडला. चौकीवर पन्नाशीचा एक रखवालदार एकटाच बसून रेडिओ ऐकत होता. आम्ही गेलो तेव्हा तिकीट दिवसाचं तीस सोल (सोल हे पेरूचं चलन) होतं, तीन दिवसांचं साठ. आम्ही तीन दिवसांचं काढलं. त्यानं वहीत देश लिहायला सांगितलं. मी ‘इंडिया’ लिहिलं. तो उठून सायकलभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "इथपर्यंत सायकलवर?" निनादच्या मोबाइलवर शिकलेल्या स्पॅनिशनं त्याला लिमापासूनची सगळी हकिकत सांगितली. भिंतीच्या आडोशाला तंबू लावायची परवानगी मिळाली. वर त्यानं एक सल्ला दिला, तो मला पुढे सारखा ऐकू येत राहिला. "देस्पासियो, सेन्योरा." सावकाश, बाई.

सामान टाकलं आणि रिकाम्या सायकली घेऊन पुढे निघालो. वाटेत पूमापाशिमिन नावाची जागा लागते. क्वेचुआ भाषेत त्याचा अर्थ पूमाचं तोंड. एका छोट्या डबक्यात जमिनीतून बुडबुडे येतात. मला वाटलं उन्हाळं असेल, आपल्या वज्रेश्वरीसारखं. बोट घातलं तर गारठणक! ते वायूचे बुडबुडे आहेत. जमिनीत पडलेली सोड्याची बाटली म्हणा. प्यायचं नाही, असा फलक नसता तर निनादनं लिंबू पिळलं असतं.

तिथून वर एका वळणावर मी मान खाली घालून ढकलत होते. घाम डोळ्यात जात होता. निनाद पुढून ओरडला, "मावशी, वर बघ."

समोरचा अख्खा उतार पिवळ्या इचू गवताचा. कुठे झाड नाही, झुडूप नाही. आणि त्या गवतातून हे उभे. शेकडो. काही नुसते गोळे, माझ्यापेक्षा उंच, हिरवट-राखाडी, साळिंदरानं अंग फुलवावं तसे. काहींच्या डोक्यातून जाडजूड खांब निघालेला. बरेच खांब काळे पडलेले, जळक्या माडासारखे. ते मेलेले. बी टाकून झाल्यावर वर्षानुवर्षं तसेच उभे राहतात. लांबून बघताना मला गावाच्या वेशीबाहेरच्या वीरगळांची आठवण झाली.

आणि एक फुललेला होता. रस्त्यापासून दोनशे पावलांवर. ती दोनशे पावलं चालायला मला दहा मिनिटं लागली. मध्ये तीनदा थांबले, एकदा दम लागला म्हणून आणि दोनदा उगाच.

खाली पानांचा गोळा तीनेक मीटर उंच. त्याच्यावर खांब. खांब म्हणजे नुसता दांडा नाही, तळापासून शेंड्यापर्यंत आखूड फांद्यांनी भरलेला कणसासारखा स्तंभ. प्रत्येक फांदीवर फुलं. एका रोपट्यावर आठ हजारांहून जास्त, कधी वीस हजारांपर्यंत फुलं येतात, असं वाचलं होतं. वाचताना तो आकडा वाटतो. तिथे खाली उभं राहिल्यावर मला एक फांदीसुद्धा मोजता आली नाही. फूल मलईच्या रंगाचं, किंचित हिरवट, मेणासारखं. आतले परागकोश मात्र चक्क भगवे. जवळ गेल्यावर मला अननसाचा वास येईल असं वाटलं होतं. आला नाही. वारा इतका होता की कसलाच वास आला नाही.

हे नाव आलं अंतोनियो रायमोंडीवरून. हा मिलानमध्ये जन्मलेला निसर्गशास्त्रज्ञ १८५० मध्ये पेरूत आला आणि उरलेलं आयुष्य त्यानं हा देश पायी आणि खेचरावर पालथा घालण्यात काढलं. १८७४ मध्ये त्यानं या वनस्पतीचं वर्णन केलं तेव्हा तिला ‘जायजँटिया’, म्हणजे राक्षसी, असं नाव दिलं होतं. पुढे तिला पूया या प्रजातीत हलवायची वेळ आली, तर ‘पूया जायजँटिया’ हे नाव चिलीतल्या एका वनस्पतीला आधीच देऊन झालेलं. मग १९२८ मध्ये हार्म्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं रायमोंडीचंच नाव तिला लावलं. बरं झालं. तिथले लोक तसंही तिला आपापल्या नावानं हाक मारतात. दक्षिणेकडे तितांका म्हणतात.

शंभर वर्षांनी फुलते, असं सगळे सांगतात. याबाबत माझं जरा वेगळं मत आहे. शंभर वर्षं वही घेऊन तिच्यासमोर कोण बसलंय? चाळीस ते शंभर असा अंदाज लिहिलेला सापडतो. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या वनस्पती उद्यानात लावलेलं एक रोप तर १९८६ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी फुललं होतं. तिथली हवा सौम्य, खतपाणी मिळालेलं. चार हजार मीटरवर, रोज रात्री गोठणाऱ्या जमिनीत, नक्कीच जास्त वेळ लागत असणार. किती, ते तिचं तिला माहीत.

फुलून मरणं आपल्याला नवीन नाही. बांधावरचा घायपात असाच एकदा दांडा काढतो आणि संपतो. कारवी सात-आठ वर्षांनी अख्खा डोंगर निळा-जांभळा करून वाळून जाते. भेरली माडही तसाच. पण घायपाताकडे मी आयुष्यात कधी थांबून बघितलं नव्हतं. इथे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला येऊन एका खांबाभोवती गोल गोल फिरत होते.

त्या फिरण्यातच घोटाळा झाला. खालच्या पानांमध्ये काहीतरी अडकलेलं दिसलं म्हणून मी वाकले. एका लहान पक्ष्याचा वाळलेला पंख होता. पानं मीटरभर लांब, कडेनं काटे. काटे सरळ नाहीत, गळासारखे वाकडे. पक्षी आत बसायला जातात आणि काही तसेच राहतात. ते बघायला हात जरा पुढे केला आणि जॅकेटची बाही अडकली. ओढली तर दुसऱ्या पानात अडकली. एका बाजूनं सोडवली की दुसरीकडचा काटा धरायचा.

"निनाद!"

"मावशी, हलू नकोस. थांब, आधी फोटो."

"फोटो काढलास तर तुझ्या आईला फोन करीन."

त्यानं फोटो काढलाच. मग एकेक काटा मागे वाकवून मला सोडवलं. कोपरापासून मनगटापर्यंत जॅकेट टराटरा फाटलं होतं आणि आतली पांढरी पिसं वाऱ्यावर निघाली होती. त्यातली बरीचशी त्याच पानांत जाऊन बसली. पुढे कधी एखादा पक्षीतज्ज्ञ तिथे आला तर त्याला डेक्कन जिमखान्यावरच्या दुकानातल्या हंसाचा शोध लागेल.

परत येताना सायकल उचलायला गेले तर पॅडलच्या अगदी खाली गवतात एक गोष्ट दिसली. मुठीएवढी. तशीच राखाडी, तसेच इवलेसे वाकडे काटे. बाळ पूया. एक रोपटं मरताना ऐंशी लाख ते सव्वा कोटी बिया टाकतं. आणि त्या उतारावर पुढचा अर्धा तास आम्ही दोघं रांगत शोधत होतो, तरी मला अशी बाळं सापडली सहा. म्हणूनच ही वनस्पती धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. मी ते मुठीएवढं रोपटं किती वर्षांचं असेल असं निनादला विचारलं. तो म्हणाला, "मला दादा म्हणेल किंवा मी त्याला."

मग आभाळ काळं झालं आणि गारा सुरू झाल्या. लपायला जागा नव्हती. सायकली आडव्या टाकून पोंचो डोक्यावर घेऊन बसलो. समोरच्या पूयांच्या गोळ्यांत गारा साठत होत्या, सुपात लाह्या पडाव्यात तशा. वीस मिनिटांत सगळं थांबलं आणि ऊन आलं. प्रत्येक गोळा पांढऱ्यानं भरलेला आणि चमकणारा. अंधार पडायच्या आत चौकीवर परतलो. रखवालदारानं माझी बाही बघितली आणि काही न विचारता चिकटपट्टीचा रोल पुढे केला.

जाणाऱ्यांसाठी : पावसाळा साधारण ऑक्टोबरअखेरीला बसतो, पण सप्टेंबरातही दुपारनंतर गारांची तयारी ठेवा. जे काही बघायचं ते सकाळी. टायर किमान दोन इंच रुंदीचे हवेत. आणि पूयापासून हातभर लांब. बी उचलायचा मोह होतो, मलाही झाला. उद्यानातून काहीही नेता येत नाही.

दिवस पाचवा : पहाट, आणि एक व्हॅन

पहाटे तंबूवर बर्फाचा पापुद्रा होता. बाटलीतलं पाणी गोठलं होतं. निनादचं डोकं दुखत होतं. ऑक्सिमीटरवर माझं ८५, त्याचं ७९. मी त्याला भरपूर पाणी पाजलं, आज सायकल बंद असं जाहीर केलं आणि चौकीवर बसवलं. त्यानं वारासच्या जिन्यावर जे हसू काढलं होतं, त्याची परतफेड मी केली नाही. निदान तोंडावर तरी नाही.

एकटीच वर गेले. ऊन नुकतं खांबाच्या शेंड्यावर आलं होतं. खाली सावलीत अजून कडक थंडी. दहा मिनिटं काहीच नाही. मग एक पक्षी आला आणि फुलासमोर हवेत थांबला. मी हमिंगबर्ड म्हणजे अंगठ्याएवढा, आपल्या शिंजीराहूनही छोटा, असं धरून चालले होते. हा लांबीला साळुंकीएवढा! जायंट हमिंगबर्ड, त्या जातीतला जगातला सर्वांत मोठा. पंखांची फडफड चक्क दिसत होती, गुणगुण नव्हती. एका फुलातून दुसऱ्यात, पायरी पायरीनं तो खांब चढत गेला. डोक्यावरच्या फांदीपाशी आला तेव्हा त्याच्या कपाळाला भगवी पूड लागलेली मला स्पष्ट दिसली. गंध लावल्यासारखी. मी कॅमेरा काढलाच नाही, बोटंच वळत नव्हती.

नऊच्या सुमाराला वारासहून येणाऱ्या सहलीच्या व्हॅन सुरू झाल्या. रखवालदारानं हात करून एक थांबवली आणि आम्हा दोघांना पास्तोरुरीच्या हिमनदीपर्यंत जागा मिळवून दिली. सायकलवर मला पाऊण तास लागलेलं अंतर व्हॅननं सात मिनिटांत संपवलं. फुललेल्या पूयापाशी दहा मिनिटांचा थांबा. वीस जणांनी आपापले फोटो काढले आणि गाइडनं ‘अँडीजची राणी’ असं म्हणत शंभर वर्षांची गोष्ट सांगितली. पक्षी तेव्हा नव्हता.

पास्तोरुरीबद्दल फार लिहीत नाही. पाच हजार मीटरवर तळ्याच्या काठी बर्फाची निळसर भिंत आहे, तिच्यापर्यंत चालत जायचं. एकेकाळी इथे लोक बर्फावर घसरायचे खेळ खेळत. आता बर्फ इतका मागे सरकलाय की या वाटेचं नावच ‘हवामानबदलाचा मार्ग’ असं ठेवलंय. वाटेवरच्या उघड्या खडकांवर चालताना मला सारखं वाटत होतं की आपण कुणाच्या तरी रिकाम्या घरातून चाललोय. लिमाच्या दोन बायकांनी आम्हाला उकडलेला मका आणि चीज दिलं. निनादनं ते खाल्लं. म्हणजे डोकं उतरलं होतं.

दिवस सहावा : वारापास्का ओलांडून वायांका

पुढे जायचं का मागे, यावर सकाळी आमचं भांडण झालं. मागे जाणं शहाणपणाचं होतं. निनादचं ऑक्सिमीटर ८६ दाखवत होतं आणि तो म्हणत होता, "मावशी, तूच म्हणतेस ना, शहाणपण घरी." मी म्हटलं, एकदा जरी डोकं दुखलं तर जी गाडी दिसेल तिच्यात सायकल टाकायची. कबूल झाला. रखवालदारानं वहीत आमच्या नावापुढे वेळ लिहिली आणि दोघांच्या हातावर भाजलेल्या मक्याचे दाणे ठेवले.

पास्तोरुरीचा फाटा सोडला की वर्दळ संपते. वारापास्काच्या खिंडीपर्यंत, म्हणजे ४,८०० मीटरच्या आसपास, आम्हाला तीन गाड्या दिसल्या. चढ अंगावर येणारा नाही, पण संपतच नाही. मी शंभर पॅडल मोजायचे आणि थांबायचे. मग पन्नास. शेवटी वीस. पूया कधीच मागे राहिले होते. शेवटचा एक गोळा दरीच्या पलीकडे दिसला, मग नुसता दगड आणि लालसर माती. खिंडीत वारा इतका की सायकल टेकवता येईना. दोन मिनिटं थांबलो, एक राजगिऱ्याची वडी अर्धी अर्धी खाल्ली. ती कोल्हापुरातून आणलेली शेवटची होती.

पुढे उतार, पुन्हा चढ, मग एकदाचं डांबर लागलं आणि तिथून वायांकापर्यंत उतारच उतार. फाटक्या बाहीतून थंडी थेट हाडात जात होती. चिकटपट्टी कधीच सुटली होती. गावात शिरलो तेव्हा माझी बोटं ब्रेकच्या आकाराची झाली होती.

जाणाऱ्यांसाठी : हा टप्पा एका दिवसात करायचा तर उजाडताच निघा. मध्ये दुकान नाही. दिवसभराचं खाणं आणि पाणी गाळायची सोय बरोबर हवी. त्रास झाला तर उतरा, पुढे ढकलू नका.

वायांकाच्या बाजारात एका बोळात एक बाई शिलाई मशीन घेऊन बसली होती. डोक्यावर उंच हॅट, पाठीला रंगीत फडक्यात बांधलेलं नातवंड. मी जॅकेट पुढे केलं. तिनं फाटलेली कड चिमटीत धरून उजेडात पाहिली. त्यात अजून एक काटा होता, तो तिनं नखानं काढला. मग माझ्याकडे बघून एक नाव घेतलं. क्वेचुआ नाव होतं, मला धड कळलं नाही. पण हातानं तिनं खांब दाखवला, डोक्याच्या कितीतरी वरपर्यंत.

"सी," मी म्हटलं. "तोच."

ती हसली आणि मशीन चालवता चालवता निनादशी बोलत राहिली. लहानपणी ती मेंढ्या राखायची. कोकरं त्या पानांत लोकर अडकून राहायची. संध्याकाळी मोजणी कमी भरली की मार तिला. म्हणून तिचे वडील दिसेल त्या रोपट्याला काडी लावायचे. सगळेच लावायचे. आता कुणी लावलं तर रागावतात, दंड होतो, असं ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, पण जळताना रात्री फार सुंदर दिसायचं, लांबून सगळ्यांना दिसायचं.

तिनं बाहीवर निळ्या कापडाचं ठिगळ लावलं. जॅकेट करड्या रंगाचं. मी करडं कापड आहे का विचारलं. आहे म्हणाली, पण निळं जास्त टिकेल. तीन सोल घेतले आणि काढलेला काटा कागदाच्या पुडीत बांधून निनादच्या हातात दिला.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उद्यानातून काही नेता येत नाही. पुडी त्यानं मशीनच्या कडेला ठेवली. बाळानं ती लगेच उचलली, आणि बाईनं पाठीमागे हात नेऊन, न बघता, त्याच्या मुठीतून काढून घेतली.